दस्त्यावरची अक्षरं कोणाची? वाचकांचे प्रश्न : जुन्या बंदुका

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात पणजोबांपासूनची दुनळी बारा बोर आहे. परवाना आधी आजोबांच्या, मग वडिलांच्या नावावर होता. वडील गेल्यावर बंदूक जळगावच्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आणि वारस म्हणून माझ्या नावाने अर्ज दिला. विक्रेत्याने बंदूक उघडून दाखवली तेव्हा काढलेले फोटो सोबत पाठवतो. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल., १०५ व्हिक्टोरिया स्ट्रीट, वेस्टमिन्स्टर' असं कोरलंय. दस्त्याच्या खालच्या अंगाला चांदीची लहान लंबगोल पट्टी आहे, तिच्यावर तीन अक्षरं आहेत. वाघ मारल्याबद्दल गोऱ्या कलेक्टरने ही बंदूक पणजोबांना बक्षीस दिली, असं घरात सांगतात. ती नक्की कोणी बनवली आणि पहिला मालक कोण, हे शोधता येईल का? आणखी एक काळजी आहे. नळीवर १३ आकडा आहे आणि परवान्यात १२ बोर. यामुळे अर्ज अडकेल का?
– एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, अर्जाची काळजी आधी दूर करते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. हा व्यास ०.७२९ इंच भरतो. तेरा गोळ्या केल्या तर ०.७१० इंच. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विकण्याआधी प्रूफ हाउसमध्ये जादा दारूचा बार काढून तपासावी लागे, आणि तिथेच नळीत मापाचे पोलादी गज घालून बघत. मागच्या टोकापासून नऊ इंच आतपर्यंत जो सगळ्यात जाड गज जाईल, त्याचा आकडा नळीवर ठोकत. तुमच्या नळीत बाराचा गज थोडक्यासाठी गेला नाही, म्हणून तेरा. चांगले कारागीर नळी मुद्दामच जराशी आवळ ठेवायचे, त्यात खोट काही नाही. कुठलं काडतूस चालतं हे सांगणारा शिक्का वेगळा असतो आणि तो तुमच्या तिसऱ्या फोटोत स्वच्छ दिसतो : पत्त्यातल्या चौकटचा आकार आणि त्यात वर १२, खाली सी. हीच काडतुसाच्या घराची खूण. परवान्यात १२ बोर लिहिलंय ते बरोबर आहे. या फोटोची प्रत अर्जाला जोडा आणि विक्रेत्याकडून दोन ओळींचा लेखी शेरा घ्या.

आता बंदुकीच्या वयाकडे येऊ. त्यासाठी तुमचा चौथा फोटो सगळ्यात मोलाचा आहे. नळ्या काढल्यावर त्यांच्या मागच्या टोकाखाली जो सपाट भाग दिसतो, त्याचा हा फोटो. वरचं नक्षीकाम आणि सोनेरी अक्षरं गिऱ्हाइकासाठी असतात, कामाची माहिती इथे लपलेली असते. आमचे अण्णा धुळ्याच्या आमच्या बंदुकांच्या दुकानात बंदूक दुरुस्तीला आली की आधी हा भाग रॉकेलच्या चिंधीने पुसायचे, वर खडू फिरवायचे आणि भिंगाखाली धरायचे. मग रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक शिक्का पेन्सिलने जसाच्या तसा काढायचे. कायद्याला फक्त नंबर पुरतो, पण अण्णांना नाही पुरायचा. कॉलेजला असल्यापासून ती रजिस्टरं मी लिहीत आले, आणि आज ही उत्तरं देते ती त्या रकान्यांच्याच जोरावर.

तुमच्या नळ्यांवर मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही आणि मुकुटाखाली एनपी असे तीन शिक्के आहेत. हे बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे, आणि या रूपात ते १९०४ पासूनचे. त्याआधी बर्मिंगहॅमचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे टाकलेले दोन राजदंड. शेजारी 'नायट्रो प्रूफ' आणि १ १/८ औंस असं आहे, म्हणजे बिनधुराच्या दारूवर आणि तेवढ्या वजनाच्या छर्ऱ्यावर ती तपासलेली आहे. १९२१ पासून बर्मिंगहॅमने एक सोय केली : तपासणीचं साल सांगणारं अक्षर लहान वर्तुळात ठोकायला सुरुवात केली. ए म्हणजे १९२१, बी म्हणजे त्याच्या पुढचं, असं करत झेड म्हणजे १९४१. तुमच्या फोटोत ते वर्तुळ कुठेच नाही. म्हणून ही बंदूक १९०४ ते १९२१ मधली धरून चाला.

आता कोणी बनवली. जळगावला सोनाराच्या पेढीतून पोत घेतली की मागे शिक्का पेढीचा असतो, पण मणी ओवणारा आणि जोड मारणारा कारागीर वेगळाच असतो. आर्मी अँड नेव्हीचं तसंच होतं. इंग्रज लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला काढलेली ही सहकारी संस्था. सुरुवातीला माल फक्त सभासदांना मिळे. तंबूपासून दारूपर्यंत आणि खोगिरापासून बंदुकीपर्यंत सगळं एका छताखाली. मुंबईची शाखा १८९१ ला उघडली. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाला लागून असलेली आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग तिचीच. बंदुकांवर संस्था स्वतःचं नाव कोरून घेई, पण त्यातल्या बऱ्याचशा बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने करून दिलेल्या असत. तुमच्या बंदुकीचा चौकोनी, बिनघोड्याचा ढाचा १८७५ मध्ये अँसन आणि डीली या दोघांनी पेटंट घेतलेला. ते दोघे वेस्टली रिचर्ड्समध्ये होते, पण पेटंटची मुदत संपल्यावर हा ढाचा सगळ्यांनीच उचलला. त्यामुळे नुसत्या ढाच्यावरून कारखाना ओळखू नका.

खऱ्या हाताचा माग लागतो तो नळ्यांच्या खाली, पुढचं लाकूड बसतं तिथे. बर्मिंगहॅमच्या सेंट मेरी चर्चभोवतीच्या गल्ल्यांमध्ये, प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट अशा भागात, एक जण नळ्या जोडी, दुसरा ॲक्शन, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, कानशीने बसवी, तिसरा लाकूड घडवी, चौथा नक्षी कोरी. आपल्या कामाखाली ते नावाची एक-दोन अक्षरं ठोकून ठेवत. तुमच्या फोटोत हा भाग अंधारात गेलाय. पुन्हा काढाल तेव्हा बॅटरीचा उजेड समोरून टाकू नका, बाजूने टाका. ठोकलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात.

पहिल्या मालकाचं नाव कळायला बंदुकीचा नंबर अगदी बिनचूक लागतो. तो तीन ठिकाणी असतो : ट्रिगर गार्डच्या मागे दस्त्यात गेलेल्या पट्टीवर, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावर. तिन्ही जुळले तर बंदूक मूळ रूपात आहे. पेटंटचा आकडाच नंबर म्हणून जुन्या परवान्यात उतरलेला मी पाहिला आहे, म्हणून परवान्यावरून नाही, लोखंडावरून वाचा. तुमचा नंबर मी इथे छापत नाही, कुणीच आपल्या बंदुकीचा नंबर जाहीर करू नये.

आर्मी अँड नेव्ही १९७३ मध्ये हाउस ऑफ फ्रेझर या समूहात गेली, आणि त्या समूहाची जुनी दप्तरं आता ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. संस्थेची बंदूक विक्रीची रजिस्टरंही तिथेच. त्यांना ईमेलने नंबर, नळीची लांबी, पट्टीवरचा मजकूर आणि तीन फोटो पाठवा. नंबर सापडला तर विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव समजण्याची शक्यता असते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा नावांच्या बंदुका ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी थेट त्या त्या कंपनीला लिहावं. त्यांच्या जुन्या वह्या शाबूत आहेत आणि शुल्क घेऊन या कंपन्या उतारा देतात. तिथल्या लहान गावांतल्या कित्येक बंदूकवाल्यांची दप्तरं मात्र दुकानाबरोबरच गेली.

दस्त्यावरची तीन अक्षरं या कामात जामिनासारखी वापरा. ग्लासगोहून आलेल्या नावाची आद्याक्षरं तीच निघाली, तर पहिला मालक पक्का. वेगळी निघाली, तर मधे आणखी एक मालक होऊन गेला, कारण बंदूक हातोहात जाताना नवा साहेब आपली अक्षरं कोरून घ्यायचा. नाव मिळालं की माणूस शोधणं सोपं. थॅकरच्या डिरेक्टरीत, म्हणजे त्या काळच्या छापील वार्षिक नामावलीत, हुद्दा आणि ठिकाण सापडतं, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत, आणि 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या याद्या घरबसल्या फुकट बघता येतात. नुसता कलेक्टर डोक्यात ठेवून शोधू नका. खानदेशात बंदूक बाळगणारे साहेब पुष्कळ होते : भुसावळला जी. आय. पी. रेल्वेचे, सातपुड्यात जंगलखात्याचे, पोलिसांचे, आणि कापूस खरेदीला आलेल्या विलायती कंपन्यांचे.

पण भाऊ, परदेशातल्या रजिस्टरमध्ये गोष्ट अर्धीच सापडेल. साहेबाकडून ती तुमच्या पणजोबांकडे कशी आली, हे चोपड्यात आणि जळगावातच कळेल. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये दोन तुकडे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. तुमचा तालुका पूर्वेत, म्हणून १९०६ नंतरच्या परवान्याची चौकशी जळगावला करा आणि त्याआधीच्यासाठी धुळ्याचा विचार करा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख खातं आहे, तिथेही अर्ज देता येतो. त्याआधी घरातली ट्रंक उघडा. जुना परवाना, नूतनीकरणाच्या पावत्या, काडतूस खरेदीची नोंद, वाटणीपत्र, काहीही. 'एक दोन नळी बंदूक' एवढी ओळ वाटणीपत्रात सापडली तरी तारीख हाती लागते. आणि बंदुकीची पेटी असेल तर ती आधी बघा. झाकणाच्या आत दुकानाचं लेबल आणि बाहेर चामड्यावर मालकाचं नाव व पलटण रंगवलेली असते. पेटीत घरच्यांनी कागद भरून ठेवलेले असतात, म्हणून ती माळ्यावर पडून राहते आणि सगळ्यात शेवटी आठवते.

वाघाबद्दल. डाव्या नळीवर 'चोक' असा शिक्का आहे, म्हणजे ती तोंडाशी आवळलेली आहे. छर्रे लांबपर्यंत एकवटून जावेत म्हणून असं करत. हे तित्तर, लावे, बदक यांच्यासाठी. आवळलेल्या नळीतून शिशाचा गोळा सोडणं धोक्याचं असे, इतकं की १८७५ ते १८८७ मध्ये अशा नळ्यांवर 'गोळ्यासाठी नाही' असं ठोकायचे. बक्षीस मिळाल्याची गोष्ट खरी असू शकते, वाघही खरा असू शकतो, पण तो या बंदुकीने पडला असं मला वाटत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : वाघ कशाने मारला, आणि ही बंदूक कुणी दिली.

परवाना झाला तरी बार काढण्याआधी काडतुसाच्या घराची लांबी मोजून घ्या. त्या काळच्या इंग्रजी बारा बोरमध्ये ती बहुतेक अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचं काडतूस आत बसतं खरं, पण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब भलताच वाढतो.

प्रश्न : माझ्या आजोबांची घोड्यांची दुनळी आहे, लॉकवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स'. घोडे अजून चढतात आणि पडतात. नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आहे. वेस्टली रिचर्ड्सची, लाखोंची वस्तू आहे असं एक नातेवाईक म्हणतात. तिचा इंग्लंडमधला मालक कसा शोधू? आजोबांचा परवाना होता, पण ते वारले. एवढ्या जुन्या बंदुकीला आता परवाना लागत नाही, असंही सांगतात.
– एक वाचक, शहादा

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि वर मुकुट आहे. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या प्रूफ हाउसचा शिक्का, आणि त्यावर मुकुट आला तो १८९३ पासून. लिएजच्या कारखान्यांनी नामांकित इंग्रजी घराण्यांच्या नावाशी जुळणारी नावं टाकून हजारो बंदुका जगभर विकल्या, आणि 'डब्ल्यू. रिचर्ड्स' हे त्यातलं फार चाललेलं नाव. वेस्टली रिचर्ड्सच्या बंदुकीवर नाव पूर्ण असतं आणि शिक्के इंग्लंडचे असतात. तेव्हा इंग्लंडमध्ये तिचा मालक शोधू नका, तो तिथे नव्हताच. तिचा पहिला मालक इथलाच कुणी पाटील, देशमुख, वकील असेल, आणि तो शोधायचा तर धुळ्याला, कारण नंदुरबार जिल्हा १९९८ ला वेगळा झाला आणि जुना कारभार धुळ्याचा.

नातेवाईक नाराज होतील, पण बंदूक म्हणून ती वाईट ठरत नाही. नळ्यांवरची नक्षी म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, गजाभोवती गुंडाळून, तापवून सांधलेल्या. एकेका नळीमागे घामाचं काम आहे. पण हे काम काळ्या दारूसाठी केलेलं. आत सांध्यात गंज बसला असेल तर वरून काही कळत नाही. आजचं काडतूस त्यात घालू नका, एकदाही नाही, लग्नाच्या वरातीत तर नाहीच. डावा हात नेमका तिथेच असतो जिथे नळी फुटते.

परवान्याबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून बार निघू शकणार नाही अशांनाच. तुमच्या बंदुकीचे घोडे चढतात आणि पडतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा ती ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. जमा करताना पावतीवर नुसतं 'एक जुनी बंदूक' लिहू देऊ नका. नाव, नंबर, ई-एल-जी शिक्का, नळीची लांबी, सगळं लिहून घ्या.

प्रश्न : निवडणुकीत जमा केलेली वडिलांची बंदूक उशिरा परत आणली. पार गंजली आहे, नंबर वाचता येत नाही. एमरी पेपरने घासून नळ्यांना निकेल करून घेऊ का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नको, कृपा करून नको! एमरीने गंजाबरोबर शिक्केही जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. शिवाय बंदुकीवरचं नाव किंवा नंबर पुसणं, बदलणं याला शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार बंदी आहे. हेतू साफसफाईचा होता, हे तुम्हाला नंतर सिद्ध करत बसावं लागेल.

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. नळ्या काढून गंजलेल्या भागावर पातळ तेल लावून दोन-तीन दिवस राहू द्यायचं, मग जुन्या दातांच्या ब्रशने किंवा पितळी तारेच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने फुगलेला गंज काढायचा. तेल पुसून त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवली की डोळ्याला न दिसणारे आकडेही कागदावर उतरतात. आमच्या दुकानात अहिराणी बोलणारे म्हातारे गिऱ्हाईक बंदूक टेबलावर ठेवून म्हणायचे, "आक्का, देख बरं, काय लिखेल शे," आणि कागदावर वडिलांच्या परवान्यातलाच नंबर उमटला की त्यांचा चेहरा खुलायचा. वरचा नंबर गेलाच असेल तर पुढच्या लाकडाच्या आतला बघा. तिथे हवा आणि हात दोन्ही कमी लागतात, म्हणून तो बहुधा वाचतो.

यापुढे निवडणुकीत जमा करताना नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावा, चामड्याच्या म्यानात ठेवू नका (चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं) आणि आचारसंहिता उठली की त्याच आठवड्यात परत आणा. कोठारांच्या कोपऱ्यात वारसांची वाट बघत पडलेल्या किती चांगल्या बंदुका मी पाहिल्या आहेत! कुणी नेत नाही, मग कधीतरी त्या वितळवायला जातात आणि त्यांच्यावरची नावं, अक्षरं, कारागिरांच्या खुणा एकदाही न वाचता जातात. तुम्हाला बंदूक ठेवायचीच नसेल, तरी निदान परत करण्याआधी नळ्यांखालचे फोटो काढून घरच्या कागदांत ठेवा.